जगुकाकांच्या गॅरेजातली आगबोट

पत्रकात जागा कमी असते, हे मला कोणी शिकवायला नको. कॉलेज सुटल्यापासून मी दुसरं करते काय? पाणी लिहा, संडास लिहा, हजेरीकार्ड लिहा, मागण्या मान्य न झाल्यास काय होईल ते लिहा. कागद संपला. पण गेल्या आठवड्यात मी सगळ्यात खाली एक ओळ घातली होती: ‘खोल्यांच्या प्रत्येक लाइनीमागे एक मोकळी खोली हवी, जिथे माणसाला पोटापाण्याचं नसलेलं काम करता येईल.’ आमच्या कामगार संघटनेच्या मंडळींनी ती वाचली आणि हातातला चहा सांडेपर्यंत हसली. “अगं, यांना प्यायला पाणी नाही आणि तू छंदवर्ग काढतेस?” ओळ खोडली. मी भांडले, हरले, आणि तीच बिनओळीची पत्रकं काखेत मारून सुरतेतल्या उधन्याला वाटायला निघाले.

वाटता वाटता आमच्या जुन्या बोळात शिरले. लूमच्या तेलाचा आणि खळीचा वास तोंडावर आला, तसे पाय आपोआप डावीकडे वळले. जिथे जगुकाकांचं घर होतं तिथे आता तीन मजले उभे आहेत. गॅरेज होतं तिथे साड्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले, आणि त्यांच्यापुढे एक बाई धागे कापत बसलेली. मी तिला पत्रक दिलं. तिने ते वाचलं, घडी केली आणि वारा घ्यायला लागली. बरोबरच केलं. तिच्या कामाचं त्यात तेवढंच होतं.

मी तिथेच पायरीवर बसले. ती खोडलेली ओळ मी पुस्तकातून आणली नव्हती. याच जागेतून आणली होती.

गॅरेज म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे मोटार येत असेल. ती आधी काढून टाका. जगुकाकांकडे मोटार नव्हती. जगुकाका आमचे घरमालक, अस्सल सुरती. पुढे त्यांचं घर, मागे आम्हा खानदेशी भाडेकरूंच्या पत्र्याच्या खोल्यांची लाइन. घर बांधताना त्यांनी बाजूला शटरवालं गॅरेज बांधून घेतलं, कारण येत्या दिवाळीला मोटार येणार होती. ही येती दिवाळी माझ्या लहानपणी दरसाल येऊन गेली. गॅरेजात एक मोडकी खाट, धान्याची रिकामी कोठी आणि उत्तरायणातले, म्हणजे संक्रांतीचे, फाटके पतंग राहत होते. माझ्या वडिलांनी, नानांनी, ते सगळं झाडून काढलं, उंदरांचा बंदोबस्त केला आणि बदल्यात एक कोपरा मागितला.

“ले ने, भास्कर,” जगुकाका म्हणाले. “मोटार आवे त्यारे खाली करजे.”

कोपरा मग हळूहळू वाढत गेला.

नाना लूमवर कामाला. शेडमध्ये इतकी वर्षं काढलेली की कान अर्धे गेलेले, त्यामुळे ते प्रेमाने बोलले तरी भांडण चाललंय असं वाटायचं. पगारातून हत्यारं घ्यायची सोय नव्हती आणि ते त्याची फार चिंताही करत नसत. टेबल म्हणजे एक दार होतं. शहरात पाडलेल्या कुठल्याशा घराचं सागवानी दार, कडीकोयंड्यासकट. कोयंड्याला करवत लटकायची. खाली पाय मोडीत निघालेल्या लूमचे. नदीकाठच्या शनिवारी बाजारातून एक लोखंडी शिकंजा आला, त्याचा एक जबडा तुटका. नानांनी त्याला लाकडाची कवळी बसवली. दिव्याची टोपी तेलाच्या डब्याची. लाकूड घासायला लूमच्या रोलरवरची झिजलेली खरबरीत पट्टी. आणि स्क्रू, खिळे, वायसर ठेवायला हिंगाच्या रिकाम्या डब्या. लाइनीतल्या सगळ्या बायकांना ताकीद होती, डबी टाकायची नाही, भास्करभाऊला द्यायची. त्यामुळे आमच्या गॅरेजातल्या प्रत्येक खिळ्याला हिंगाचा वास होता. अजूनही फोडणीत हिंग पडला की मला वाटतं, कुठेतरी काहीतरी ठोकलं जातंय.

सगळ्यात पहिलं हत्यार मात्र विकत घेतलेलंही नव्हतं आणि भंगारातलंही नव्हतं. नाना गावाहून नवे नवे आले तेव्हा शेडमध्ये पहिल्याच दिवशी शेठ त्यांच्याकडे बोट दाखवून मुकादमाला म्हणाला, “आने डिसमिस आप.” नानांनी मान खाली घातली, चप्पल घातली आणि खोलीवर निघून आले. गाववाले खवळले. “काय करं रे तू पहिलाच दिनले?” “काहीच नही करं. माले डिसमिस करी टाकं!” दुसऱ्या दिवशी गाववाल्यांचा जथा शेठपुढे जाब विचारायला उभा. शेठ आधी गोंधळला, मग पोट धरून हसला, आणि त्याने टेबलावरचा पेचकस उचलून नानांच्या हातात दिला. गुजरातीत पेचकसाला डिसमिस म्हणतात! “ले, तारुं डिसमिस,” शेठ म्हणाला, “घेर लई जा.” ते पिवळ्या मुठीचं डिसमिस गॅरेजच्या भिंतीवर मधोमध टांगलेलं असायचं.

भिंतीचं काम मायचं. माय म्हणजे माझी आई. दिवसभर साड्यांचे धागे कापायची आणि नानांच्या या उद्योगाला उठता-बसता नावं ठेवायची. पण हत्यारं कुठेही पडलेली तिला चालत नसत. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रंगखात्यात काम करणारा शेजारी बादलीच्या बुडाशी उरलेला रंग आणायचा. त्या रंगाने मायने प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा भिंतीवर काढली. हातोडी राणी कलरची, पक्कड पोपटी, करवत मोरपिशी. ज्या जागेवरचं हत्यार गेलं तिथे रंगीत सावली उरायची आणि माय ओरडायची, “पोपटी कोनी लयी?” आमच्याकडे हत्यारांना नावं नव्हतीच, रंग होते. मिलमागच्या खाडीलाही तेव्हा रंग असायचा, आज गुलाबी, उद्या जांभळा. लहानपणी मला ते सुंदर वाटायचं. त्यावर मी आता वेगळं पत्रक लिहिते, ते इथे नको.

आता नाना तिथे करायचे काय? होड्या.

हसा. आमचे गाववालेही हसायचे. कोरड्या शिवारातला माणूस, पण गाव तापीकाठचं, म्हणून असेल. किंवा धोट्यामुळे. लूमवर बाण्याचा धागा घेऊन इकडून तिकडे पळणारा तो लाकडी धोटा तुम्ही पाहिला असेल. दोन्हीकडे निमुळता, पोटात पोकळ, टोकांना लोखंडी चोच. होडीच ती. फुटका धोटा शेडवाले चुलीत घालायचे. नाना तो मागून आणायचे आणि हातात फिरवत बसायचे. “बिचारानी कधी पुढे जाई देखंच नही,” ते म्हणायचे. “नुसतं आठेथून तठे, तठेथून आठे.”

आधी शिडाच्या होड्या झाल्या, मग रबरावर फिरणाऱ्या पंख्याच्या. बंदीच्या दिवशी हे सगळं व्हायचं. बंदीचा दिवस म्हणजे आठवड्यातून एकदा कारखान्यांची लाइट बंद असायची तो. त्या दिवशी उधन्यातली सगळी यंत्रं गप्प बसत आणि जगात चिमण्या आहेत, नळ ठिबकतो, शेजारीण गुणगुणते, असे शोध लागत. त्या शांततेत गॅरेजातला कानशीचा आवाज लाइनीच्या टोकापर्यंत जायचा. तो ऐकून माणसं यायची. हिवाळा असेल तर कोणीतरी पोंक आणायचं. सुरतेचा पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण त्यांच्यात शेव आणि लिंबू मारतात. आमच्यात ठेचा निघायचा. माणसं कोठीवर, खाटेवर, उंबऱ्यावर बसायची आणि नानांच्या हातांकडे बघत राहायची. कोणी म्हणायचं, “भास्करभाऊ, पंखे दुरुस्त करा, दोन पैसे सुटतील.” नाना नको म्हणायचे. दिवसभर शेठचं काम करून आल्यावर पुन्हा गिऱ्हाइकाचं कोण करील?

मग त्यांच्या डोक्यात आगबोट शिरली.

जत्रेत पत्र्याची फटफट वाजत चालणारी होडी मिळते, पोटात दिवा लावायचा, ती. नानांना ती मोठी हवी होती. दोन धोटे शेजारी शेजारी जोडून खालचं अंग, वर पत्र्याची चपटी टाकी, मागे तांब्याच्या दोन नळ्या, टाकीखाली रॉकेलची वात. नळ्या फ्रिजवाल्याच्या भंगारातून आल्या. टाकीचं डाग देणं काही केल्या जमेना. कुठून ना कुठून वाफ निसटायचीच. आणि चाचणी कशात घ्यायची? लाइनीच्या पाण्याच्या पिंपात. नळाला पाणी सकाळी एकदाच येई, सगळ्या बायका त्यावर टपलेल्या, आणि माझा बाप त्यात दिवा लावून होडी सोडतोय!

“आठे पेवाले पाणी नही,” माय कमरेवर हात ठेवून गरजली, “अन् यानी आगबोट चालनी!”

आगबोट पिंपात गोल गोल फिरली, दोनदा फटफटली, आणि कलंडली. शेजारच्या सुमनमावशींच्या वरणाला त्या दिवशी रॉकेलचा वास आला. त्यांनी तो महिनाभर सगळ्यांना ऐकवला.

पण खरं संकट दुसरीकडून आलं. जगुकाका बरेच दिवस वरच्या गच्चीतून बघत होते. बंदीच्या दिवशी गॅरेजात ही एवढी माणसं जमतात, सगळी खानदेशची, सगळी एका भाषेत बोलतात, सगळी खातात. त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. एका चालू दिवशी, शेजारच्या शेडमध्ये लूम धडधडत असताना, ते खाली उतरले.

“भास्कर, धंधो करे छे?” त्यांनी ओरडून विचारलं.

“नाही शेठ!”

“धंधो नथी, तो छे हुं?”

धंदा नाही तर हे आहे काय? सुरतेत याहून अवघड प्रश्न नाही. नानांना गुजराती शब्द सापडेना. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि घरचाच शब्द फेकला, “हाऊ मना नाद शे, शेठ! नाद! आमना सगळासना नाद!”

लूमच्या खडखडाटात जगुकाकांना शेवटचं अक्षर वेगळंच ऐकू आलं. नात. गुजरातीत नात म्हणजे जात, ज्ञाती, समाज. हे सगळे मिळून आपल्या गॅरेजात आपली नात भरवतात! उद्या फोटो लागेल, परवा पाटी, मग नातीची वाडी, म्हणजे समाजाचं कार्यालय होईल, मग लग्नं लागतील. आणि मोटार?

“मारा घरमां नातनी वाडी?” ते किंचाळले. नाना कौतुक झालं समजून हसले आणि मान डोलावली. “हो, हो!”

संध्याकाळी शटरला कुलूप. आत दाराचं टेबल, रंगीत भिंत, आणि शिकंज्यात धरलेली अर्धी आगबोट.

त्यानंतरचे दिवस मला वासावरून आठवतात, म्हणजे वास नव्हते यावरून. नाना शेडमधून यायचे, जेवायचे, आणि बसायचे. त्यांच्या हातांना काही सुचेना. त्यांनी विळीला धार लावली. मग पुन्हा लावली. मायच्या धागे कापायच्या कात्रीचा स्क्रू काढून बसवला. पोळपाटाचे पाय सारखे करता करता तो बुटका करून ठेवला. जगुकाकांकडे जाऊन विनवायला ते तयार नव्हते. “त्यासनं घर शे,” एवढंच. माय, जिने त्या आगबोटीला रोज शिव्या दिल्या होत्या, ती मला पाणी भरताना हळूच म्हणाली, “त्याना हात देख, पोरी. कसा गरीब व्हई गयात.” कपडे, भांडी, खोली, सगळं आमचं गरीबच होतं. त्यात नानांचे हात मायने तेव्हा पहिल्यांदा मोजले.

मी तेव्हा नववीत, मराठी शाळेत. गुजराती गल्लीत शिकलेली. पुढच्या बंदीच्या दिवशी मी जगुकाकांच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. ते हिंचक्यावर, काकी लोणच्याच्या फोडी उन्हात पसरत होत्या. लूम बंद. अख्खं उधना कान टवकारून बसल्यासारखं.

“काका, कुलूप का लावलं?”

“तारा बापने पूछ. नात भेगी करे छे!”

“नात नाही. नाद. द! दाळीतला द!”

जगुकाकांनी हिंचका पायाने थांबवला. “नाद एटले?”

एटले, म्हणजे, काय सांगू? मी म्हटलं, असं काम, जे कोणी सांगत नाही, ज्याचे पैसे मिळत नाहीत, आणि नाही केलं तर माणूस पोळपाट बुटका करतो. काकी फोडी पसरता पसरता म्हणाल्या, “शोख कहे छे, शोख.”

“शोख?” जगुकाका खरंच चकित झाले. त्यात दुष्टपणा नव्हता, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र डोक्यात तिडीक गेली. “आ लोकने पाछो शोख?”

या लोकांना आणि पुन्हा शौक! गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयात चहा सांडला तेव्हा मला हेच वाक्य ऐकू आलं, फक्त मराठीतून, आणि आपल्याच माणसांकडून. तेव्हा मी काय केलं ते ऐका. मी ओट्यावरून हात लांब करून जगुकाकांच्या गच्चीकडे बोट दाखवलं आणि पहिलं जाहीर भाषण ठोकलं. “तुम्ही उत्तरायणात पहाटेपासून अंधार पडेपर्यंत तिथे उभे असता! बोटं मांजाने कापतात, नाक उन्हाने सोलतं, जेवायला खाली येत नाही! तो काय धंदा आहे? का नात आहे?”

“ए तो उत्तरायण छे, पोयरी!” जगुकाका दुखावले गेले.

“मग ती आगबोट आहे!”

काकी लोणच्याच्या फोडींवर वाकून हसल्या. तोंडाला पदर लावला तरी दिसलंच. लाइनीतली माणसं खोल्यांच्या दारात येऊन उभी. नाना सगळ्यांच्या मागे, मान खाली. जगुकाका त्यांना म्हणाले, शोख असेल तर दाखव. पुढच्या बंदीपर्यंत गॅरेज उघडं. तयार झालं की नदीवर चल, मी बघतो. त्यात मला धंदा दिसला किंवा नात दिसली, तर गॅरेज खाली. “मारी आंखे जोईश,” ते म्हणाले.

तो आठवडा गॅरेजात नुसता रॉकेलचा, तापलेल्या कथलाचा आणि घामाचा वास होता. डाग देणं अखेर जमलं. सुमनमावशींचे यजमान भांड्यांना कल्हई करायचे, त्यांनी येऊन टाकीचे सांधे भरले. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “माझ्या पाण्यात पुन्हा घातलंत तर बघा.” मायने दोन्ही धोट्यांना रंग दिला, एक राणी, एक पोपटी, आणि पत्र्याच्या टाकीवर हळद-कुंकवाचं बोट लावलं. नाना म्हणाले, शेठला हे नातीचं वाटेल. मायने कुंकू पुसलं, हळद ठेवली.

तापीवर आम्ही मोठीच वरात घेऊन गेलो. जगुकाका स्कूटरवर, मागे मी, मांडीवर आगबोट. बाकीचे रिक्षांमध्ये कोंबलेले. ओवाऱ्याच्या, म्हणजे घाटाच्या, पायऱ्यांवर पाणी चिखलाच्या रंगाचं होतं, आणि वाऱ्याला समुद्राचा खारट वास. नानांनी बूड भिजेपर्यंत खाली उतरून टाकीत पाणी भरलं, वात पेटवली. काही नाही. मग टाकीने एक ढेकर दिला, आणि फट. फट. फटफटफटफट! कान अर्धे गेलेल्या माझ्या बापालाही तो आवाज ऐकू आला, कारण त्यांनी एकदम आमच्याकडे वळून पाहिलं. त्यांनी हात सोडला.

आगबोट पायऱ्यांपासून सुटली, थोडी डगमगली, आणि वळली. समुद्राकडे नाही. वर. पुलाकडे, काकरापारच्या धरणाकडे, खानदेशाकडे. नदीच्या उलट! पायऱ्यांवरची माणसं उभी राहून ओरडायला लागली. “गावकडे चालनी! देखा, गावकडे चालनी!” नाना पाण्यात कमरेइतके उभे, दोन्ही हात डोक्यावर.

जगुकाका जन्मापासून या नदीचे. ते हसून हसून पायरीवर बसले. “अरे गांडा, आ तो भरती छे!” वेड्या, ही तर भरती आहे! समुद्राचं पाणी चढलं की इथे तापी उलटी वाहते, हे सुरतेत शेंबड्या पोरालाही माहीत. तिथे तुम्ही नारळ सोडा नाहीतर चप्पल, वरच जाणार.

माय त्यांच्याकडे वळली. “भरती राहो का काय राहो,” ती म्हणाली. “गयी ना गावकडे? बस व्हयनं.”

फटफट बारीक होत गेली. राणी आणि पोपटी असा एक ठिपका जुन्या पुलाच्या सावलीत शिरला, आणि मग दिसेनासा झाला. परत आणायची कशी, याचा कोणीच विचार केला नव्हता. दोरी बांधायची कोणाला सुचलीच नव्हती. जगुकाका वाट बघत होते, भास्कर आता बोंब मारील, कोणाला तरी होडी घेऊन मागे पाठवील. नाना निथळत वर आले. चेहरा असा, की लग्नाच्या फोटोतही तसा नाही.

“होडी गई,” जगुकाका म्हणाले.

“गयी,” नाना म्हणाले. “आते दुसरी. थोडी रुंद पाहिजे.”

जगुकाकांच्या आयुष्यात प्रत्येक वस्तूची किंमत होती, आणि समोर हा ओला भाडेकरू, इतक्या दिवसांची मेहनत नदीला देऊन खुशीत पुढच्या मापाचा हिशेब करणारा. हा धंदा नव्हता, एवढं तर सुरती डोळ्याला स्वच्छ दिसलं. नातही नव्हती, कारण तोवर ओवाऱ्यावरचे मासेवाले, धोबी आणि एक हवालदारसुद्धा पुलाकडे बघून टाळ्या वाजवत होते.

त्यांनी खिशातून गॅरेजची किल्ली काढली. नानांनी हात पुढे केला. जगुकाकांनी तो ओला हात बाजूला सारला आणि किल्ली मायच्या हातात ठेवली.

“तमे राखो, बेन,” ते म्हणाले. “आ तो चावी पण पाणीमां मूकी देशे.”